काढलचं गाणं

चोपड्याच्या बाजूला बोअर मारायचं ठरलं की माणूस आधी नारळ आणायचा आणि मग जब्बारभाऊला निरोप धाडायचा. जब्बार म्हणजे लग्नाच्या बँडमधला क्लॅरोनेटवाला. वरातीत त्याच्याकडे कुणी वळून बघत नसे. वावरात मात्र त्याला खाट टाकून बसवत आणि पहिला चहा त्याच्याच हातात देत.

त्याचं कारण एक गाणं. बोअरच्या गाड्या येतात तामिळनाडूतून. त्यातल्या सेल्वम नावाच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये सदा एकच गाणं चालू असायचं, त्याच्या बापाच्या तरुणपणीच्या कुठल्याशा प्रेमाच्या पिक्चरमधलं. जब्बारने ते टपरीवर चहा पिता पिता ऐकलं आणि घरी जाऊन बोटांवर बसवलं. पिक्चरचं नाव त्याला कधी नीट घेता आलं नाही. गाण्यात एक शब्द फिरून फिरून यायचा आणि तो सगळ्यांना 'काढल' असाच ऐकू यायचा. काढल, म्हणजे पाणी काढणार! गंमत म्हणून त्याने ते गावातल्या जीवरामच्या वावरात बोअर चालू असताना वाजवलं, आणि पाण्याची धार झाडाच्या शेंड्यापर्यंत उडाली. झालं. तेव्हापासून काढलचं गाणं वाजल्याशिवाय कुणी बोअर मारीना.

चुडामणच्या वावरात सेल्वमची गाडी लागली तेव्हाही जब्बार होताच. चुडामण तालेवार माणूस, पण डोक्यात सदा राख घातलेली. त्याची मुलगी दिपमाला नवल नावाच्या पोराबरोबर लग्न करायचं म्हणत होती, आणि पोरगं जातीबाहेरचं. महिन्यापूर्वीच चुडामणने यावलच्या स्टँडवर चार माणसं घालून नवलचा पाय मोडला होता. पोरीला हात बांधून घरात कोंडलं होतं आणि दोराने तिची पाठ फोडून काढली होती. गावाला सगळं ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

त्या दिवशी रॉडवर रॉड उतरत गेले आणि वर नुसती पांढरी भुकटी येत राहिली. माणसांच्या भुवया, मिशा पांढऱ्या झाल्या. जब्बारचा दम संपत आला, तरी तो वाजवत होता. चुडामणचा चुलतभाऊ झुलाल रिकामा बसून कंटाळला होता. त्याने सेल्वमला विचारलं, की तुमच्या त्या पिक्चरमध्ये शेवटी पाणी लागतं का.

इतक्या वर्षांत त्या पिक्चरबद्दल सेल्वमला कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. त्याचा चेहरा उजळला. मोडक्या हिंदीत त्याने सांगितलं, की पाणी कुठलं, आमच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ प्रेम. पोरीचा बाप पोराला विहिरीच्या रहाटाला बांधून मारतो, पोरगी दाराआड हे गाणं म्हणते, आणि शेवटी बाप दोघांनाही कापून टाकतो. कापतात कसं, तेही त्याने हात फिरवून दाखवलं.

सगळे खाली बघू लागले. झुलालला मात्र जिभेची खाज आवरली नाही. त्याने जब्बारकडे बोट दाखवलं.

"चुडामणभाऊ, पानी ऱ्हाऊ दे. हाऊ तं तुन्या दिपमालानं गानं वाजाडी राहिना."

चुडामण उठला. चालत आला आणि जब्बारच्या हातातल्या क्लॅरोनेटवर खालून लाथ घातली. ओठात धरलेलं टोक टाळूत घुसलं. पुढचे दात कडकड मोडले आणि शर्ट रक्ताने भरला. मग चुडामणने गाडीवरचा लोखंडी पाना उचलला. सेल्वमची माणसं कपाशीत पळाली. सेल्वमने आडवा धरलेला हात पहिल्याच दणक्यात वाळल्या काडीसारखा मोडला. चुडामणची माणसं त्याला लाथांनी तुडवू लागली. खाली पडलेल्या सेल्वमच्या डोक्यावर पाना दुसऱ्यांदा वर गेला.

जब्बारने सरपटत जाऊन चुडामणचे पाय धरले.

"काढल म्हंजे काढलच शे, भाऊ," तो रक्त थुंकत म्हणाला. "पानी काढल. त्याले हिंदी येस नही, काहीबी सांगी राहिना."

"तुन्ही आंडेरनी आन ले," चुडामण म्हणाला.

जब्बारला एकच मुलगी, रुखसार. तिच्या नावाने त्याने आयुष्यात कधी शपथ घेतली नव्हती, खरीसुद्धा नाही. पाना अजून वरच होता.

"रुखसारनी आन," तो म्हणाला.

खरं काय ते चुडामणला कळलं होतं की नाही, देव जाणे. पण चारचौघांत त्याची लाज झाकेल असा शब्द त्याला मिळाला होता. त्याने पाना भुकटीत फेकला आणि जाता जाता झुलालच्या कानशिलात अशी लगावली, की तो खाटेसकट उलटला.

जळगावच्या दवाखान्यात जब्बार आणि सेल्वम शेजारच्या खाटांवर होते. जब्बारची टाळू शिवली होती. डॉक्टरांनी क्लॅरोनेट फुंकायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं होतं. बायको मदिना त्याच्याशी बोलत नव्हती. परक्या माणसासाठी पोटच्या पोरीची खोटी आण घेतली, हे तिच्या काळजाला लागलं होतं. रुखसार पायथ्याशी बसून होती.

पोलिसात जाऊ नका म्हणून विनवायला चुडामणने बायकोला, मंदाबाईला, डबा देऊन पाठवलं. सोबत दिपमाला होती. तिच्या मनगटावरचे दोराचे वळ काळेनिळे होते. मंदाबाई मदिनाशी बोलत बाहेर गेली, तशी दिपमाला जब्बारच्या खाटेशी आली.

"चाचा, त्या 'काढल' शब्दाचा खरा अर्थ काय?"

जब्बारने तोंड उघडलं. मग त्याची नजर रुखसारवर गेली आणि तोंड तसंच मिटलं. आण तर तिचीच घेतलेली होती. त्याने सेल्वमकडे बोट केलं.

दिपमाला तिकडे वळली. सेल्वमने तिच्या मनगटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, प्लास्टरातला हात छातीशी घट्ट ओढून घेतला.

"पानी, अक्का," तो म्हणाला. "पानी. बस, पानी."