झुंबर पाटकऱ्याची रत्नागिरी

बारामतीच्या खालच्या अंगाला, नीरेच्या डाव्या कालव्यावर, झुंबर पाटकरी पाणी सोडायचा आणि पाणी बंद करायचा. माणसाचं आयुष्य एवढ्यात सांगून टाकलं तर अन्याय होतो म्हणतात. झुंबरच्या बाबतीत तो होत नाही. खाकी कोट, हातात फावडं, आणि कुणाच्या रानात पाण्याची पाळी कधी, हे सगळं डोक्यात. उसाला पाणी उशिरा मिळालं म्हणून बागाईतदार त्याच्या नावानं खडे फोडायचे, आणि तो त्यांना पाणी म्हणजे काय हे समजावून सांगायचा. सरकारी माणसानं समजावून सांगितलं की लोक गप्प बसतात. त्यांना समजलं असा त्याचा समज होता.

बायको सारजा कऱ्हाटीची, कोरड्या मुलखातली. तिकडं पाणी आलं तर आभाळातून येतं, आणि त्याला पाटकरी नसतो. लग्न होऊन आली तेव्हा बारमाही वाहतं पाणी बघून ती हरखली होती. नवऱ्याच्या परवानगीशिवाय त्यातलं ओंजळभरही वळवता येत नाही, हे तिला नंतर कळलं.

त्यांचा एकुलता मुलगा रामहरी. कालव्याच्या पार शेपटाला त्यांचं थोडं रान होतं, त्यात त्यानं वांगी लावली होती. एका चैत्रात झाडं माना टाकायला लागली. पाळी यायला अवकाश होता आणि शेजारी जोतीरामाच्या उसात पाणी धोधो चाललं होतं. रामहरीनं भर दुपारी, पाटाच्या तोंडाची माती, म्हणजे दारं, मोडून, ते आपल्या वांग्यांत घेतलं. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं.

झुंबरनं स्वतःच्या हातानं माती ओढून दारं बंद केलं. मग तो चावडीवर गेला आणि चार माणसांत सांगितलं, "पाणी चोरलंय. रामहरी झुंबर. लिवून घ्या." जोतीराम स्वतः म्हणाला, "आवं पाटकरी, पोरगं हाय तुमचं. माझी काय तक्रार न्हाय." झुंबर म्हणाला, "तक्रार सरकारची हाय."

रामहरीला चावडीच्या पायरीशी उभं राहून माफी मागावी लागली. तिथं त्याच्या वयाचे सगळे जमले होते. माफी मागून तो घरी आला, धोतरजोडी बांधली आणि उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "आबा, आता अशा जागी जातो, की तितं पाणी कुणाला इचारून घ्यावं लागणार न्हाय."

झुंबरला वाटलं, पोरगं संध्याकाळपर्यंत येईल.

तेव्हापासून सारजा नवऱ्याशी थेट बोलली नाही. दारात म्हैस होती, तिच्यामार्फत बोलायची. "म्हशे, भाकरी वाढलीय म्हणावं." "म्हशे, मीठ संपलंय." म्हैस शांत स्वभावाची होती, तिनं निरोप कधी फिरवला नाही. झुंबरही सुरुवातीला चिडला, मग त्यालाही सवय झाली. कधी तर तो म्हशीकडं बघूनच उत्तर द्यायचा. दोन वर्षं असा संसार चालला.

सन पंचावन्नच्या माघात कुंडलिक आला. कुंडलिक गावचाच, ट्रकवर ड्रायव्हर. कांदा आणि गूळ घेऊन कोकणात उतरायचा, येताना नारळ आणायचा. तो सांगत आला, की रामहरी रत्नागिरीला दिसला. गलबतावर खलाशी झालाय. रंगानं काळा पडलाय, पण अंगानं भरलाय.

"गलबत डागडुजीला खाडीत लावलंय," कुंडलिक म्हणाला. "आता एकदा सुटलं, की समिंदरापल्याड बसऱ्याकडं जाणार म्हनं. मग दोन-तीन वरसं तिकडंच. पाटकरी, बघा. मी परवा चाललोय."

सारजा चुलीपुढं होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. फक्त म्हणाली, "म्हशे, घिऊन ये म्हणावं पोराला."

आयुष्यात पहिल्यांदा झुंबरनं रजा मागितली. सेक्शनच्या कारकुनाला वाटलं कुणी गेलं. सारजानं रामहरीसाठी शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले आणि नवऱ्यासाठी भाकरी. दोन गाठोडी वेगळी होती, आणि कुठलं कुणाचं हे म्हशीला दोनदा सांगण्यात आलं.

ट्रक साताऱ्यावरून कोल्हापूर, आणि तिथून आंबा घाट. घाट उतरताना झुंबर गुळाच्या ढेपांत बसून एकच वाक्य घोकत होता. "घरी चल." त्याच्या पुढंमागं आणखी काही शब्द लावावेत का, याचा विचार त्यानं कऱ्हाडपासून चालवला होता. "चुकलं माझं" हे शब्द एकदा मनाशी म्हणून बघितले, पण ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडचे वाटले.

सकाळी कुंडलिकनं त्याला खाडीच्या काठाला उतरवलं. "ते बघा, निळ्या पट्ट्याचं. तेच. मी माल उतरवून येतो सांजच्याला. तवर तुमी दोघं बोला."

गलबत चिखलात कलून पडलं होतं. खाडीत पाणी नव्हतं. जिथवर नजर जाईल तिथवर ओला काळा चिखल, त्यावर खेकडे पळताहेत, मधोमध एक बारीकशी धार. काठावर एक म्हातारी जाळं सांधत बसली होती.

"रामहरी? घाटावरला पोर ना?" ती म्हणाली. "बाजारात गेलाय, शिधा भरायला. येईल इतक्यात. बसा तुम्ही. पाणी आलं की सुटणार आहे गलबत."

झुंबरनं खाडीकडं पाहिलं. उभी हयात त्यानं पाणी बघितलं होतं. चिखल नुकताच उघडा पडलेला; म्हणजे पाणी आजच बंद झालेलं. एवढी रुंद खाडी, आणि तळाला एवढा चिखल. हे एकदा बंद झालेलं पाणी पुन्हा सुटून, वरून इथवर यायचं, म्हणजे आठवडा तरी गेला. तिकडं नीरेला पंधरवडा जातो. त्यानं हे सगळं मनात मांडलं आणि म्हातारीला काही विचारलं नाही. पाण्याबद्दल कुणाला विचारायची त्याला सवय नव्हती.

आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. त्याचं वाक्य अजून तयार नव्हतं.

"पोरगं आलं तर सांगा, बाप आलाय म्हणून," तो म्हणाला. "जरा देवीला जाऊन येतो. हाय की वेळ."

म्हातारीनं जाळ्यातून मान वर केली. पण घाटावरची माणसं काय बोलतील याचा काही नेम नसतो, हे तिला ठाऊक होतं. ती पुन्हा सांधायला लागली.

झुंबरनं रत्नागिरी बघितली. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी आणून ठेवलं होतं तो वाडा बघितला. उतरती कौलं, लाल भिंती, आणि खाली दूरवर समुद्र. तिथल्या राखणदाराला त्यानं विचारलं, "राजा परत घरी न्हाय गेला का?" राखणदार म्हणाला, "नाही. इथंच वारला." झुंबरला ते पटलं नाही. एवढी जहाजं समोरून जातात, आणि एक माणूस न्यायला येऊ नये?

मग तो समुद्राकाठचा किल्ला चढला. वरच्या देवळात भगवती देवीपुढं डोकं टेकलं. देवळातून बाहेर येऊन तटाच्या कडेला गेला आणि त्याच्या पायाखाली समुद्र होता.

समुद्र बघून माणसं गप्प होतात, काहींना देव आठवतो. झुंबरला पहिला प्रश्न पडला तो हा, की इतक्या पाण्याचं दारं कुणाच्या ताब्यात असेल. खडकावर लाट फुटत होती, मागं जात होती, आणि कुणी तिला हात लावत नव्हतं. एकीकडं दीपस्तंभ पांढरा शुभ्र, दुसरीकडं माडांच्या रांगा, आणि वाळूची पट्टी सोन्यासारखी. त्याला सारजा आठवली. हिला आणायला पाहिजे होतं, असं त्याच्या मनात आलं. लग्नानंतर असं काही मनात यायची ही पहिलीच वेळ असावी.

तो तटावर बसला आणि आपल्या वाटची भाकरी सोडली. खाताना त्याला वाक्य सापडलं. "घरी चल, तुझी आय वाट बघतीया." यात माफी नव्हती आणि खोटंही नव्हतं. तो दोन-तीनदा मोठ्यानं म्हणाला. बरं जमलं.

खाली खाडीच्या तोंडातून एक गलबत बाहेर पडत होतं. त्याचं शीड हळूहळू फुगलं, आणि ते एका अंगावर कललं, मग सरळ झालं आणि उन्हात चमकत पुढं निघालं. झुंबरनं इतकं देखणं काही पाहिलं नव्हतं. घास हातात तसाच धरून तो बघत राहिला. पार ठिपका होऊन दिसेनासं झालं, तेव्हा त्यानं हात झटकले आणि किल्ला उतरायला लागला.

खाडीवर आला तर खाडी काठोकाठ भरलेली. सकाळचा चिखल कुठं होता ते सांगता आलं नसतं. होड्या डोलत होत्या. निळ्या पट्ट्याचं गलबत नव्हतं.

"कुठं होतात हो तुम्ही?" म्हातारी ओरडली. "पोर आला तुमचा. सांगितलं त्याला. इथं, या दगडावर बसला होता. गलबताच्या तांडेलानं हाका मारल्या, शिव्या घातल्या, तरी हलेना. पाणी थांबतं का कुणासाठी?"

झुंबरनं भरलेल्या खाडीकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "पाणी तर बंद झालं हुतं."

"अहो भरती-ओहोटी ही. रोज दोनदा येतं, दोनदा जातं."

तो दगडाकडं बघत उभा राहिला.

"काय म्हणाला?"

म्हातारीनं जाळं बाजूला ठेवलं. सांगावं की नाही असं तिला झालं असावं. "मी म्हटलं, थांब, येतील, उशीर झाला असेल. तर म्हणाला, आमच्या आबांना उशीर होत नाही. त्यांनी लांबून बघितलं असेल आणि गेले असतील."

लाडवांचं गाठोडं झुंबरनं म्हातारीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं नको म्हटलं, तरी तसंच ठेवलं. संध्याकाळी कुंडलिक आला, त्यानं झुंबरच्या तोंडाकडं बघितलं आणि परतीच्या वाटेवर तो नेहमी म्हणायचा ते गाणंही म्हटलं नाही.

घरी पोचला तेव्हा सारजा दारात उभी होती. म्हैस बाजूलाच रवंथ करत होती. सारजानं त्याच्या मागं, रस्त्यावर बघितलं. मग थेट त्याच्याकडं बघून, दोन वर्षांनी पहिल्यांदा, विचारलं:

"अवो, भेटला का?"

झुंबरनं आयुष्यात एक थेंब पाणी इकडचं तिकडं केलं नव्हतं.

"भेटला," तो म्हणाला.

"लाडू खाल्लं?"

"तितंच बसून खाल्लं."

"मग आला का न्हाय?"

"बोली केलीया गलबताशी. मधीच कसं सुटल? दिवाळीला येतो म्हनला."

सारजा मटकन उंबऱ्यात बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मग उठून तिनं त्याला पाय धुवायला पाणी दिलं.

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली, आणि बोलणं एकच. काय घातलं होतं त्यानं, कुठं नेलं तुमाला. झुंबरला सांगण्यासारखं बरंच होतं. राजाचा वाडा रामहरीनं दाखवला. भगवतीला रामहरीनं नेलं. तटावर दोघं बसले, भाकरी खाल्ली, आणि खालून एक गलबत गेलं ते रामहरीनं बोटानं दाखवलं. हे सांगताना झुंबर इतका रंगून जायचा, की शेजारची बायामाणसं ऐकायला यायची. गावात त्याला लोक रत्नागिरीवाले पाटकरी म्हणायला लागले. सारजा कुठं काही चुकतंय का बघायची नाही, ती फक्त म्हणायची, "आनि मग?"

एकदा मात्र तिनं विचारलं, "माफ केलं का वो त्यानं तुमास्नी?" झुंबर उठून कालव्यावर गेला. पाळी कुणाचीच नव्हती.

दिवाळी आली. वसुबारसेपासून सारजा रोज दुपारी फाट्यावर जाऊन उभी राहायला लागली, बारामतीहून येणाऱ्या एस.टी.साठी. पहिल्या दिवशी झुंबर घरी थांबला. कुणी येणार नाही हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिला एकटीला उन्हात पाठवणं जिवावर आलं, म्हणून तो बरोबर गेला.

बस आली. धूळ खाली बसली. चार-दोन माणसं उतरली, एक कोंबड्यांची पाटी उतरली. कंडक्टर ओळखीचा होता.

"काय पाटकरी, कुणाची वाट?"

"पोराची."

"येणार म्हणालाय का?"

"म्हनलाय," झुंबर म्हणाला. सारजा बाजूलाच होती.

कंडक्टरनं घंटी मारली. तेवढ्यात झुंबर पुढं झाला, खिडकीच्या दांडीला धरून टाचा उंच केल्या, आणि पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत एकेक तोंड नीट बघून घेतलं.