गोलकीपरचा निबंध

आमच्या कॉलेजात कुणालाच नको असलेला विषय कुणाच्या गळ्यात घालायचा, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. जी बाई बैठकीला उशिरा पोहोचते, तिच्या गळ्यात तो पडतो. त्या दिवशी राजारामपुरीतल्या घरातून निघताना माझी गाडी सुरू होईना आणि मी 'चिकित्सक वाचन, एकाग्रता आणि तर्क' या विषयाची तज्ज्ञ झाले. तास दुपारचा, जेवणानंतरचा. एकाग्रता जेवणानंतर शिकवायची ही कल्पना ज्याची असेल, त्याला एकदा माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवायचं आहे.

पहिल्या वर्षाची पोरं होती. उताऱ्यातलं महत्त्वाचं वाक्य अधोरेखित करा म्हटलं की पिवळी पेनं बाहेर निघायची आणि हळद लागलेल्या नवरीसारखं सगळं पान पिवळं व्हायचं. लेखकाचं म्हणणं पटलं का, असं विचारलं की वर्ग खिडकीबाहेर बघायचा. मग मी 'तुमचं स्वतंत्र मत लिहा' असा प्रश्न घातला. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक क्लास आहे. त्या क्लासवाल्यानं आठवड्याच्या आत स्वतंत्र मतांचं गाईड काढलं. पुढच्या चाचणीत सगळ्या वर्गाचं स्वतंत्र मत शब्दाला शब्द सारखं आलं. मला इतका राग आला की मी स्वतः ते गाईड विकत आणलं. निदान उत्तरं तरी कुठून येतात ते कळावं.

आणि मग पेठांच्या फुटबॉलचा उपांत्य सामना झाला. ज्यांना कोल्हापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे प्रत्येक पेठेला तालीम असते, तालमीला फुटबॉलचा संघ असतो आणि माणूस जन्मतो तो आधी पेठेत, मग घरात. हा सामना माझ्या माहेरच्या पेठेचा आणि शेजारच्या पेठेचा होता. पेठांची नावं मी लिहीत नाही, मला अजून याच गावात भाजी आणायची आहे. आमचा गोल आधी झाला. त्यांनी फेडला आणि शेवटी शेवटी आणखी एक घातला. तो ऑफसाईड होता असं आम्ही म्हणतो, नव्हता असं ते म्हणतात. आम्ही हरलो. माझ्या धाकट्या भावाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले तर तास आधीच सुरू झालेला. अर्ध्या पानाच्या उताऱ्यावर जी पोरं पेंगायची, ती लाईनमन कुठे उभा होता, सावली कुणाची कुठे पडली होती, व्हिडिओ कुठल्या गॅलरीतून काढला होता, यावर घसा ताणून भांडत होती. एकाग्रता होती, तर्क होता, चिकित्सा तर ओसंडून वाहत होती. माझा उतारा तेवढा मध्ये येत होता. मी तो बाजूला ठेवला आणि म्हटलं, या सामन्यावरच दोन पानं लिहा. तुमचं म्हणणं काय, पुरावा काय, समोरच्याचा सगळ्यात जोरकस मुद्दा कुठला. यावर गाईड निघायला तळमजल्यालाही वेळ मिळाला नसता.

निबंध आले ते अर्थातच पेठवार. ज्याची पेठ जिंकली त्याला ऑफसाईड दिसलाच नव्हता आणि ज्याची हरली त्याला तो घरातून दिसला होता. फक्त एक निबंध वेगळा निघाला, आणि तो लिहिणारा पोरगा जिंकलेल्या तालमीचा राखीव गोलकीपर. दोन वर्षं हा बाकावर बसून दुसऱ्याच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत होता. आता पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं होतं आणि अंतिम सामन्याची जर्सी याला मिळाली होती. ती जर्सी तो वर्गातसुद्धा शर्टाच्या आत घालून बसायचा. अशा पोरानं शेवटी लिहिलं होतं, 'या पुराव्यावरून तरी मला असं वाटतं की आमचा गोल हा गोल नव्हता.'

मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, थोडं शिक्षक म्हणून आणि बरंचसं माहेर म्हणून. मी त्याला सगळ्यात जास्त गुण दिले आणि ते शेवटचं वाक्य वर्गात वाचून दाखवलं. निबंध टेबलावर असताना कुणीतरी त्याचा फोटो काढला. वाक्य दोन ओळींत मोडलं होतं आणि फोटो फक्त खालच्या ओळीचा होता: आमचा गोल हा गोल नव्हता. संध्याकाळपर्यंत ती ओळ सगळ्या पेठांच्या ग्रुपवर फिरली. पूर्ण वाचल्याशिवाय मत बनवू नका, हे मी सहामाहीभर शिकवत होते. माझ्या विषयाचा गावावर झालेला परिणाम असा.

भावाचा फोन आला. ताई, तू माहेरचं नाव काढलंस, म्हणाला. आमच्या तालमीनं ती ओळ छापून संयोजकांकडे अर्जासोबत जोडली होती आणि सामना पुन्हा खेळवा म्हणून मागणी केली होती. मी त्याला विचारलं, दोन्ही पानं वाचलीस का? तो म्हणाला, ओळ वाचली की.

तिकडे जिंकलेल्या पेठेत वेगळंच शिजत होतं. मॅडम हरलेल्या पेठेच्या, त्यांनीच गुणांची लालूच दाखवून पोराकडून लिहून घेतलं, असं ठरलं होतं. पोराला सरावाला येऊ नको म्हणून निरोप गेला आणि जर्सी घेऊन तालमीत बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या शर्टाच्या आत जर्सी दिसली नाही तेव्हा मी विचारलं, आणि मग मीही त्याच्याबरोबर निघाले. त्या तालमीत आमच्या पेठेची बाई शिरण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. मला भीती वाटत होती, पण रागही होता, आणि रागात मला चांगलं बोलता येतं.

तालमीचे अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. आजूबाजूला खेळाडू भिंतीला टेकून उभे. मला खुर्ची दिली, चहा सांगितला. भांडण असलं तरी पाहुण्याला चहा हा आलाच. मी घसा साफ केला, पण पोरगाच पुढे झाला.

"मॅडम, तुमी बोलू नका. तुमची पेठ कुठली ते हितं समद्यास्नी म्हाईत हाय," तो म्हणाला. मग त्यानं दप्तरातून निबंध आणि घडी केलेली जर्सी काढली आणि दोन्ही अध्यक्षांपुढे ठेवलं. "आधी सगळं वाचा. मग न्यायची तर जर्सी न्या."

अध्यक्षांनी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. मध्ये त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो न बघता उपडा ठेवला. कुणीतरी मध्येच तोंड घातलं, त्याला हातानं गप्प केलं. अख्खी तालीम दोन पानं कान देऊन ऐकत होती. माझ्या वर्गात हे दृश्य मला कधीच दिसलं नव्हतं, आणि मला चक्क हेवा वाटला.

पहिल्या पानावर माझ्या माहेरच्या पेठेच्या गोलाबद्दल होतं. तो होण्याआधी चेंडू आमच्या खेळाडूच्या हाताला लागला होता, म्हणजे तोही गोल खरा नव्हता, असं त्यानं लिहिलं होतं. तिथे अध्यक्ष थांबले. "हे लाल शाईनं 'पुरावा?' कुणी लिवलंय?"

मीच लिहिलं होतं. मला ते आठवतही नव्हतं. त्यांनी पान उलटलं. ऑफसाईडच्या परिच्छेदाला लाल शाईनं फक्त 'उत्तम' होतं. त्यांनी दोन्ही पानं शेजारीशेजारी धरून खेळाडूंना दाखवली. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातातला चहा निवत चालला होता.

अध्यक्षांनी शेवटपर्यंत वाचलं, 'या पुराव्यावरून तरी' सकट. चष्मा काढून ते पोराला म्हणाले, "लिवलंयस बरोबर. पण लिवायचं कशाला?"

"इचारलं हुतं म्हणून," पोरगा म्हणाला.

अध्यक्षांनी जर्सी पुढ्यात ओढली. मग म्हणाले, आपल्या पोरानं दोन्ही पेठांचं लिहिलं आणि त्यांच्या मॅडमनी एकाच पेठेचं तपासलं, तर जर्सी आपण कुठल्या तोंडानं काढून घ्यायची. त्यांनी ती त्याच्याकडे सरकवली आणि सरावाला उशीर करू नको म्हणून दटावलं. अर्जाचं काय करायचं ते संयोजक बघतील, म्हणाले.

बाहेर आल्यावर मी त्याच्याकडून निबंध मागून घेतला आणि पेन काढलं. पहिल्या पानावरचं ते 'पुरावा?' मला खोडायचं होतं. मला स्वतःची लाज वाटत होती आणि ती लवकरात लवकर मिटवायची होती.

"खोडू नका मॅडम," तो म्हणाला. "पुरावा मागाय पायजेच. पर दुसऱ्या पानावर बी मागा की. त्यो व्हिडिओ तिरका हाय. मी लिवलंय तसं, तुमी इचारलंच न्हाय."

मी तालमीच्या कठड्यावर कागद टेकवला आणि 'उत्तम'च्या शेजारी 'पुरावा?' लिहिलं. त्यानं ते वाचलं, मान हलवली आणि निबंध दप्तरात टाकला. सराव आटोपला की सामन्याच्या मैदानावर जाऊन ऑफसाईडची जागा दुसऱ्या बाजूनं बघून येतो, म्हणाला, आणि जर्सी अंगात चढवत पळत सुटला.