ऐकायला माणूस लागतं

काकू गेली त्याला आता सहा आठवडे होतील. मी शाळेत शिकवून घरी आले, तर खालच्या मजल्यावरच्या बंगाली वहिनी, आमच्या बोउदी, जिन्यातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली वह्यांची पिशवी काढून घेतली, तेव्हाच मला कळलं. दुपारी जेवण झाल्यावर काकू नेहमीसारखी जर्मनचं पुस्तक घेऊन बसली होती. तशीच खुर्चीत गेली... मी वर जाऊन आधी पंखा बंद केला. का, ते सांगता येत नाही. दमले होते, एवढंच आठवतं.

काकांची रेल्वेतली नोकरी कलकत्त्यात, गार्डन रीचला, म्हणून भवानीपूरची ही जागा. काका गेले, त्यांचा मुलगा वसंतदादा जर्मनीला जाऊन तिथलाच झाला, आणि घरात आम्ही दोघी उरलो. दादाने तिकडच्या मुलीशी लग्न केलं, ते काकूच्या मनाला लागलं. पुढे नात झाल्याचं पत्र आलं, तशी उठली, ट्रामने कॉलेज स्ट्रीटला गेली आणि फुटपाथवरून इंग्रजीतून जर्मन शिकवणारं एक जुनं पुस्तक घेऊन आली. वय अठ्ठावन्न. शिकवणी लाव म्हटलं, तर म्हणाली, "पोरांच्या शेजारी बसून हसं करून घेऊ?" तिची रीत ठरलेली. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची पट्टी कापून घेतली होती. तिने पानाची उजवी बाजू झाकायची, डावीकडचं इंग्रजी वाचून जर्मन वहीत लिहायचं, मग पट्टी सरकवून ताडून बघायचं. चुकलं तिथे लाल टिंब. तीन दिवस टिंब पडलं नाही की पान उलटायचं. मिठाचा अंदाज कधी न चुकलेली बाई त्या टिंबांपुढे मात्र रडकुंडीला यायची.

संध्याकाळी मी आले की म्हणायची, "शालू, पाच मिनिटं बस. मोठ्याने वाचते, ऐक."

"मला कुठे जर्मन येतं, काकू?"

"मला तरी कुठे येतं गं! पण ऐकायला माणूस लागतं. भिंतीशी किती बोलू?"

मी "उद्या" म्हणायचे. तपासायच्या वह्यांचा ढीग, त्यात दिवे गेलेले... हळूहळू तिने विचारणं सोडलं, आणि मोठ्याने वाचणंही. मला त्याची अजून लाज वाटते.

नात चार वर्षांची असताना मंडळी कलकत्त्याला आली. काकूने ठरवून ठेवलेली वाक्यं एकामागून एक म्हटली, कुठेही न अडखळता. पोर टकामका बघत राहिली, आईच्या मागे लपली आणि तिला काहीतरी विचारलं. दादाला हसू आलं. "ती विचारतेय, आजी कुठली भाषा बोलते?" काकूही हसली. मग स्वयंपाकघरात येऊन स्टोव्हवरचं दूध उतरवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहिलेलं बरोबर होतं गं. सगळं बरोबर होतं."

ती थकली, पण तिने सोडलं नाही. "पोर वाचायला लागली की पत्र लिहीन. कागदाला उच्चार लागत नाहीत," असं म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून बसली. यंदा नात शाळेत जायला लागली, तसं काकूने सुट्या, ठसठशीत अक्षरांत पत्र टाकलं. खाली सही 'ओमा'. म्हणजे आजी, हे तिनेच मला सांगितलं होतं. त्यानंतर रोज पोस्टमनची वाट. "आज येईल का गं?" ती गेली त्या दिवशी सकाळी मी निघतानाही तिने हेच विचारलं होतं.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी पत्र आलं, आमची तार पोचायच्या आधी टाकलेलं. पेन्सिलीने लिहिलेल्या सहा वाकड्या ओळी. त्यातला 'ओमा' एवढाच शब्द मला लागला. दादाकडेच परत पाठवावं, त्याने मराठीत लिहून द्यावं, असं आधी वाटलं... पण ते पुन्हा माझं 'उद्या'च झालं असतं.

पुस्तक अजून खुर्चीशेजारच्या स्टुलावर होतं, पट्टी आत तशीच. काल मी ती काढून पहिल्या पानावर ठेवली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. उच्चार चुकलाच असणार. ऐकायला कोणी नव्हतं.