ज्योतीरामची इयत्ता

चाकणच्या एका कंपनीत ज्योतीराम टूलरूम सांभाळतो. हत्यारं द्यायची, परत घ्यायची आणि मधल्या वेळात माणसांच्या इयत्ता ठरवायच्या. कुणी चोरी करताना सापडला की चहाच्या टेबलावर त्याचं प्रवचन सुरू. "कॅमेऱ्याच्या धाकानं सरळ वागतो तो पहिलीत. लोक काय म्हणतील म्हणून वागतो तो चौथीत. कुणी बघत नसतानाही सरळ, तो दहावी पास. हे चोर म्हणजे मिशा फुटल्या तरी पहिलीतच बसलेली बाळं!"

"आणि तुम्ही, दादा?" असं विचारलं की तो नुसता हसायचा.

सांगवीतल्या त्याच्या घरी दसऱ्याला पाटावर लेकीचा लॅपटॉप आणि बायकोचं शिलाई मशीन असतं. मागच्या वर्षी ज्योतीरामनं त्यांच्याशेजारी टूलरूमच्या किल्ल्या ठेवल्या, तर बायको म्हणाली, "तुमचं हत्यार म्हणजे कुलूप होय?" ते फार झोंबलं. म्हणून यंदा कंपनीतली खंडेनवमीची पूजा आटोपल्यावर त्यानं मापं घ्यायचा नवाकोरा व्हर्निअर डब्याच्या पिशवीत टाकला. घरची पूजा झाली की परत. गेटवरच्या भैरूनं नेहमीसारखे हात जोडले. "दादा, तुमची काय झडती घ्यायची?"

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपाळीची बस मोशीला अडकली आणि सुपरवायझर विजयश्रीमॅडमचा फोन आला. "दादा, नवा व्हर्निअर गायब आहे. शेवटी धनेशनं वापरला होता. त्याला गेटवर बसवलंय. कॉन्ट्रॅक्टचा माणूस, आजच काढतायत."

"हो का?" एवढंच ज्योतीरामच्या तोंडून निघालं.

मांडीवरची पिशवी त्याला इस्त्रीसारखी भाजू लागली. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. शेजारचा नागसेन म्हणाला, "दादा, सीटवर मुंग्या आहेत का राव?"

टूलरूममध्ये कॅमेरा नाही, हा त्याचा पहिला विचार. आपल्याला लोक काय म्हणतील, हा दुसरा. मग एक झकास युक्ती: व्हर्निअर गुपचूप टेबलाखाली टाकायचा आणि "सापडला!" म्हणून ओरडायचं. धनेशही सुटेल! पण लगेच कळलं, लोक म्हणतील, धनेशनंच घाबरून तिथं टाकला. लातूरहून आलेला दोन लेकरांचा बाप. जाईल तिथं चोरीचा ठपका त्याला चिकटेल. बस हलली तसं ज्योतीरामला वाटलं, अजून थोडी अडकली असती तर बरं.

गेटवर धनेश स्टुलावर बसला होता. "काका, तुमी तरी सांगा की ओ. तुमाला माहिताय मी कसा हाय ते."

"जावा आत, दादा," भैरू म्हणाला.

ज्योतीरामचे पाय आत निघालेही होते. तो वळला.

"भैरू, पिशवी बघ."

"काय चेष्टा करता, दादा!"

"अरे बघ म्हणतो ना!"

भैरूनं डबा बाजूला सारला आणि व्हर्निअर बाहेर काढला. हळदकुंकवानं माखलेला, जबड्यात झेंडूची पाकळी. धनेश उभा राहिला.

"मॅडमना बोलाव," ज्योतीराम म्हणाला आणि मोकळ्या झालेल्या स्टुलावर जाऊन बसला.