पायावरची गोधडी

तुमच्या आजोबांकडे आलापल्लीच्या बाजूला सागतोडीचं काम होतं, त्या वर्षांत आमच्या लाकूड डेपोत पहिला पॉवर सॉ आला. माणसं त्याला मशीनआरा म्हणत. लाकडी पेटीत भुशावर ठेवलेलं, दातेरी साखळीचं नारिंगी यंत्र, तेलाची बाटली आणि एक पाना, एवढंच त्यात होतं. माणसाच्या अंगावर घालायचं काही नव्हतं. तोवर साग पाडायचा तो कुऱ्हाडीनं आणि दोघांनी समोरासमोर बसून ओढायच्या करवतीनं. करवतीवरची माणसं धोतर गुडघ्यावर खोचत, डोक्याला दुपट्टा गुंडाळत आणि अनवाणी काम करत. कुऱ्हाडीचा घाव चुकला तर नडगीवर येई. आमच्याकडच्या वस्तीत असे लंगडणारे म्हातारे होते.

मशीनआऱ्यासाठी ज्याला निवडलं, त्याचा सासरा त्यांतलाच एक. त्यामुळे त्याच्या बायकोला या मशीनची भीती इतरांपेक्षा जास्त होती. ती रोपवाटिकेत सागाची रोपं लावायला जाई, आणि जाताना आमच्या अंगणातून पाणी पिऊन जाई. एकदा तिनं तुमच्या आजोबांना वाटेतच गाठलं.

"साहेब, मशीन त्याइले देऊन राह्यले ते ठीक हाये. पन पायाले काई नसंल तं मी घरून निंगूच देनार नाई."

आजोबा म्हणाले, "मागवतो बाई. पायाचं आणि डोक्याचं, दोन्ही मागवतो."

मागवायचं म्हणजे निवडायचं आलं, आणि निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॅटलॉग इंग्रजीत होता. मी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. नाटकं, निबंध, कविता सगळं वाचलेलं. पण त्या कॅटलॉगातली वाक्यं मला कळत होती आणि वस्तू कळत नव्हती. एका पानावर जाड पँट होती, सगळीकडून बंद. दुसऱ्या पानावर फक्त पुढून पाय झाकणारं, मागं पट्ट्यांनी बांधायचं काहीतरी होतं. त्याला चॅप्स म्हटलं होतं. आम्ही त्याला पॅड म्हणू लागलो, क्रिकेटच्या पॅडवरून. पँट अधिक सुरक्षित, हे उघड होतं. पण चैत्रातल्या चंद्रपूरच्या उन्हात दुलईची पँट घालून कोण काम करील? आणि मापं परदेशी मांड्यांची. आमचा माणूस सागाच्या फांदीसारखा सडसडीत. मी पॅडवर खूण केली, मग खोडली, मग परत केली.

डोक्याचं त्याहून अवघड. हेल्मेट पिवळं घ्यावं की हिरवं? आजोबांना हिरवं आवडलं, जंगलात शोभेल म्हणून. मी म्हटलं, शोभेल म्हणजे दिसणारच नाही, आणि झाड पाडताना दुसऱ्याला तो दिसायला हवा. पिवळं ठरलं. तोंडापुढं जाळी हवी की पारदर्शक प्लॅस्टिक? मला प्लॅस्टिक बरं वाटलं, जाळीतून भुसा डोळ्यांत जाईल असं वाटलं. आणि कानांवर वाट्या होत्या, आवाज अडवणाऱ्या.

कानांच्या वाट्यांचं चित्र पाहून आमचा माणूस हसला. "बाई, कान बंद केले तं 'पडलं पडलं' कसं आयकू येईन? अन् अस्वल मांगून आलं तं?"

करवतीवरचा त्याचा जोडीदार म्हणाला, "अस्वल तुह्या मशीनचा आवाज आयकून तेलंगनात पळन."

शेवटी असं ठरलं की जोडीदारानं लांब बांबू घेऊन मागं उभं राहायचं आणि सांगायचं असेल तेव्हा त्याच्या पाठीला टोचायचं. कॅटलॉगात हे कुठंच नव्हतं.

माल नागपूरचा एक विक्रेता स्वतः घेऊन आला. त्यानं आल्याआल्या मला सांगितलं की प्लॅस्टिक घामानं धुरकट होतं, जाळीच चांगली. दोन्ही त्यानं आणली होती, त्यातलं जाळीचंच ठेवलं. आमच्या माणसानं हेल्मेट दुपट्ट्यावरच चढवलं, तेव्हा ते उतरंडीवरच्या मडक्यासारखं डुलायला लागलं. दुपट्टा काढायला तो तयार होईना. उघड्या डोक्यानं जंगलात जायचं त्याला अवघड वाटत होतं, हेल्मेट घातलेलं असूनसुद्धा. बराच वाद होऊन दुपट्टा गळ्यात आला.

मग विक्रेत्यानं प्रयोग दाखवला. दाखवण्यासाठी त्याच्याकडे त्याच कापडाचा एक वेगळा तुकडा होता. तो त्यानं ओंडक्याभोवती गुंडाळला आणि चालू मशीन त्यावर टेकवलं. वरचं कापड टरकलं, आतून पांढऱ्या धाग्यांचा पुंजका बाहेर आला आणि मशीन एकदम थांबलं. ओंडक्याला ओरखडासुद्धा नव्हता. विक्रेता पक्कडीनं साखळीतून धागे ओढत राहिला आणि हिंदीत काहीतरी समजावत राहिला. पण आमच्या कानांत अजून मशीनच घुमत होतं. मी इतकंच समजले की कापडानं मशीन थांबवलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. रोपवाटिकेतल्या बायकाही बघायला आल्या होत्या. आमच्या माणसाची बायको पुढं झाली, तिनं तो फाटका तुकडा हातात घेतला, लोंबणारे धागे बोटांनी आत ढकलून पाहिले आणि तुकडा परत दिला.

पॅडची जोडी तो घरी घेऊन गेला. सोमवारी कूप सुरू व्हायचं होतं, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या तुकड्यात काम लागायचं होतं. आदल्या दुपारी ती पॅड घेऊन माझ्याकडे आली. तिचा चेहरा फुललेला होता.

"पाहा वो बाई. आता नाई निंगत त्यातलं काई."

तिनं दोन्ही पॅडवर वरपासून खालपर्यंत धावदोरा घातला होता, गोधडीला घालतात तसा. ओळीला ओळ लागून, बोटभरही अंतर न सोडता, दाभणानं आरपार. ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात काम करणाऱ्या भावाकडून आलेलं जाड दोऱ्याचं रीळ तिनं त्यासाठी संपवलं होतं.

"आतला कापूस ढिल्ला होता," ती म्हणाली. "तुमी नाई पाह्यलं? मशीन लागलं अन् सारं बाह्येर आलं. नागपूरवाल्यानं टाकेच नाई मारले. गादी बी अशी शिवत नाई कोनी. चार दिवसांत सारा गोळा खाली येते."

मी टाके पाहिले आणि मला आनंद झाला. मला नीटनेटकं काम आवडतं, आणि ते फार नीट होतं. मी तसं म्हटलंही. चहा टाकायला आत गेले, आणि आधणाकडे बघताना मला पक्कडीनं ओढलेले ते पांढरे धागे आठवले. मशीन थांबलं ते कापडाला अडून, की त्या धाग्यांत गुंतून? गुंतून थांबलं असेल, तर धागे सुटायलाच हवेत, आणि तिनं ते बांधून टाकले होते. पण अडून थांबलं असेल, तर तिनं ते दुप्पट मजबूत केलं होतं. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. दोन्ही बाजूंनी पटत होतं.

आजोबा आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "घट्ट आहे ते चांगलंच की." मग मी धाग्यांचं सांगितल्यावर म्हणाले, "हो, तेही आहे." विक्रेता नागपूरला परत गेला होता, आणि डेपोतला फोन त्या दिवशी मुका होता. तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो पॅड हातात घेऊन एकदा बायकोकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

"मले तं दोघींचंबी बरोबर वाटून राह्यलं," तो म्हणाला.

"दोघींचं बरोबर कसं असंन?" ती उसळली. "पाय एकच ना तुमचा!"

"दोन हायेत वं."

"हासू नका."

मी म्हटलं, टाके उसवून टाकू. तिनं पॅड छातीशी धरलं. "अन् उसवल्यावर समजलं का तेच बरं होतं, तं? अन् दाभनाचे भोकं तं राह्यतेच ना."

मशीन लावून बघितल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि लावून बघितलं की ते पॅड वाया जाणार होतं. दुसरी जोडी नव्हती. पॅड नसताना तो कामावर गेला नाही तर जोडीदार उघड्या पायांनी मशीन चालवायला तयारच होता. त्यानं सगळ्यांसमोर तसं म्हटलं होतं. मशीन हातातून गेलं की पुन्हा करवत ओढणं आलं, आणि मशीनसाठी निवडलं म्हणून वस्तीत याचं केवढं कौतुक झालं होतं! हे सगळं तिला माझ्याहून चांगलं कळत होतं. ती बराच वेळ टाक्यांवरून अंगठा फिरवत बसली.

"लावून पाहा," ती म्हणाली. "एकाच पायाचं लावा. पन माह्यासमोर."

डेपोत लाकडी घोडीवर सागाचा ओंडका ठेवला, त्यावर एक पॅड बांधलं. नवऱ्यानं मशीन सुरू केलं. "पाय मांगं घ्या! अजून मांगं!" असं ती ओरडत होती, पण कानांवर वाट्या असल्यामुळे त्याला काही ऐकू जात नव्हतं. शेवटी जोडीदारानं बांबूनं त्याला मागं लोटलं. मग त्यानं हात लांब करून मशीन टेकवलं.

ते थांबलं नाही. टाक्यांनी बांधलेले धागे साखळीत गुंतलेच नाहीत; ते कचकच करत शिवणीच्या ओळी ओलांडत गेलं, लाकडाचा पिवळा भुसा उडाला, आणि त्यानंच घाबरून ते उचललं.

त्यानं मशीन बंद केलं. ती पुढं गेली, पॅडच्या चिरेतून हात आत घातला आणि ओंडक्यावरची खाच चाचपली. तिची बोटं तिच्यात पेरापर्यंत बुडाली. ती तिथंच खाली बसून रडायला लागली.

नवऱ्यानं तिच्या शेजारी उकिडवं बसून विचारलं, "रडून काऊन राह्यली? ओंडक्याले लागलं, मले नाई."

दुसऱ्या पॅडचे टाके उसवून पाहिले. आतल्या धाग्यांचे जागोजाग गुंते झाले होते, काही दाभणानं तुटले होते. ते आता मशीन थांबवील की नाही, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. आजोबांनी मशीन पेटीत घालून खोलीला कुलूप लावलं. पाय झाकल्याशिवाय कुणीच चालवायचं नाही, असं त्यांनी जोडीदाराला बजावलं. सोमवारी कूप जुन्याच करवतींनी सुरू झालं. "याच्या बायकोनं मशीनच शिवून टाकलं," असं माणसं त्याला चिडवत. तो करवत ओढता ओढता हसत असे. ती मात्र पुष्कळ दिवस पाणी प्यायला आली नाही.

नवे पॅड आले तेव्हा माणसं महाशिवरात्रीच्या मार्कंड्याच्या जत्रेहून परतत होती. ते तिनं घरी नेऊ दिले नाहीत.

"तुमच्याकडंच ठेवा बाई. घरी नेले तं माहे हात राह्यनार नाई."

त्यामुळे पॅड आमच्या व्हरांड्यातल्या खुंटीवर राहिले. सकाळी तो यायचा, हेल्मेट पायरीवर ठेवायचा आणि पॅड बांधायचा. रोपवाटिकेत जाता जाता ती थांबायची, वाकून मागचे पट्टे ओढून बघायची. मग एक बोट त्याच्या मांडीवरच्या कापडात खुपसायची. बोट सहज आत जाई.

"अजूनबी ढिल्लंच लागते वो," ती माझ्याकडे बघून म्हणायची.

"असू दे," मी म्हणायची. मलाही ते ढिलंच वाटायचं.