फोटोतला अंगठा

ही गोष्ट मी नऊ वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही, हे मी स्वतःला देत आलेलं कारण. विचारलं असतं तरी मी सांगितली नसती, हे खरं कारण. आता मुरलीधरला जाऊन सात आठवडे झालेत आणि टाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास सुमनताईंचा फोन आला. सुमनताई म्हणजे मुरलीधरची बायको. "सर, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने सांगितलं, सावद्याच्या पॅकिंग शेडमध्ये केळीच्या फण्या धुता धुता खाली बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत... मी जळगावला माझ्या खोलीत होतो. फोन ठेवल्यावर काय करावं सुचेना, म्हणून समोरचा कॉम्प्युटर उघडला. माझं प्रोफाइल आलं. नोकरीधंद्यातली माणसं ज्या साइटवर एकमेकांना जोडून घेतात, तिथलं. माझ्या नावाखाली तीन लिंक आहेत. त्यातली तिसरी मी दाबली आणि पडद्यावर मुरलीधरचा अंगठा आला.

तो अंगठा खानदेशातल्या केळी उत्पादकांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. लहानपणी कडबा कापायच्या कुट्टी मशीनमध्ये सापडल्यामुळे नख मधोमध फाटलेलं आणि कायमचं काळं पडलेलं. मुरलीधर आमच्या कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सहायक होता, कंत्राटी. मी त्या खात्याचा प्रमुख. शेतकरी केळीची रोगट पानं पिशवीत घालून आणायचे आणि मुरलीधर ती उजेडाला धरून पाहायचा. करपा आहे, हरण्या रोग आहे की नुसतं पालाश खत कमी पडलंय, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवण्याआधी तो सांगायचा आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. पुढे मोबाइल आले तसं त्याने फोटो काढायला सुरुवात केली. रविवारी सावदा, रावेर, चोपड्याकडच्या बागांमध्ये फिरायचा. प्रत्येक फोटोत पानावरचा डाग आणि डागाशेजारी त्याचा अंगठा. मी एकदा म्हटलं, "अरे, मोजपट्टी ठेव ना शेजारी. हे शास्त्रीय दिसत नाही."

"सर, शेतकऱ्याच्या खिशात मोजपट्टी नसते," तो म्हणाला. "अंगठा मात्र सगळ्यांना असतो. डाग नखाएवढा आहे का नखाहून मोठा, एवढंच त्याला पाहायचं असतं."

या फोटोंची त्याने स्वतःच एक साइट बनवली. रंग भडक होते, अक्षरं वरखाली होती, पण प्रत्येक फोटोखाली चार-पाच ओळींत असं लिहिलेलं की सातवी शिकलेल्या माणसालाही उद्या सकाळी बागेत काय करायचं ते कळावं. मी तीस वर्षांत जे लिहिलं त्यात अशी एक ओळ नव्हती. हे मी तेव्हाही जाणून होतो.

मी निवृत्त झालो आणि दोन वर्षांनी ते प्रोफाइल उघडलं. जुने विद्यार्थी कुठे कुठे मोठ्या जागांवर पोहोचले होते, ते सापडत गेले. आठशेच्या वर माणसं जोडली गेली. मुरलीधरनेही उघडलं होतं, त्याला अकरा जण जोडलेले. एका दुपारी तो घरी आला, भरताची वांगी घेऊन. सावद्याहून आला की रिकाम्या हाताने यायचा नाही. चहा झाल्यावर जरा अडखळत म्हणाला, "सर, एक काम होतं. तुमच्या प्रोफाइलवर माझ्या साइटची लिंक टाकाल का? माझ्याकडून कोण पाहणार? तुमच्याकडून गेली तर चार लोक उघडतील. कंत्राट संपून राहिलं ना माझं मार्चला..."

पुढचं मला कळलं. महाविद्यालय त्याचं कंत्राट वाढवणार नव्हतं. कुणीतरी जाणकाराने त्याचं काम पाहावं आणि कुठेतरी लावून घ्यावं, एवढी त्याची आशा होती. त्याने एका कागदावर साइटचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला. खाली लिहिलं : 'प्रकार विचारला की "इतर" निवडा. मग चौकट येईल. तिथे लिहा, मुरलीधरचं केळीचं काम.'

तो गेल्यावर मी बसलो. लिंक टाकायला जागा होत्या तीन. पहिल्या दोन भरलेल्या होत्या, एक महाविद्यालयाची आणि एक माझ्या एका जुन्या शोधनिबंधाची, जो माझ्याखेरीज कुणी उघडत नसे. तिसऱ्या जागी मी मुरलीधरचा पत्ता टाकला. प्रकार विचारला. 'वैयक्तिक' हा सगळ्यात वर होता, 'इतर' सगळ्यात खाली. 'इतर' दाबलं तर खरोखरच एक चौकट उघडली. तिच्यात मराठी उमटेना. दोनदा प्रयत्न केला. बाहेर बायको जेवायला हाका मारत होती. मी वरचं 'वैयक्तिक' निवडलं आणि जतन केलं. म्हटलं, नंतर बदलू.

म्हणजे माझ्या नावाखाली, माझी स्वतःची साइट म्हणून, मुरलीधरची साइट लागली.

इथे मला नीट सांगायला हवं, कारण एवढ्यासाठीच मी लिहायला बसलोय. पहिल्या दिवशी तो आळस होता. आठ दिवसांनी तसं म्हणता येणार नव्हतं. कारण आठ दिवसांत निरोप येऊ लागले होते. 'सर, निवृत्तीनंतर केवढं काम उभं केलंत!' 'सर, ही साइट आमच्या अधिकाऱ्यांना दाखवली.' एका विद्यार्थ्याने लिहिलं, 'वर्गात तुम्ही असं सोपं का नाही शिकवलंत?' मी प्रत्येकाला हात जोडल्याचं चित्र पाठवत राहिलो. आमच्या खात्यात एक रीत होती. भिंतीवर लागणारा प्रत्येक तक्ता, मग तो कुणीही काढलेला असो, प्रमुखाच्या नावाने लागायचा. काढणाऱ्याचं नाव कोपऱ्यात बारीक, तेही जागा उरली तर. मुरलीधरने असे कितीतरी तक्ते माझ्या नावाने काढले होते. त्या रीतीत माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे हे मला चोरीसारखं वाटलं नाही. निदान तेव्हा तरी नाही.

मार्च उलटला. मुरलीधर घरी बसला. मे महिन्यात धुळ्याच्या एका कंपनीची दोन माणसं मला भेटायला आली. त्यांना गावोगाव फिरून पानं पाहणारा, शेतकऱ्यांशी बोलणारा माणूस हवा होता. माझ्या प्रोफाइलवरून ते साइटवर गेले होते. "सर, नेमकं असंच काम आम्हाला हवंय," त्यातला एक म्हणाला. "हे सगळं तुमचंच ना?"

एक वाक्य पुरलं असतं. 'ते मुरलीधरचं आहे, सावद्याला राहतो, त्याचा नंबर देतो.' मी म्हटलं, "हो, आमचंच आहे."

'आमचं' म्हटलं, 'माझं' म्हटलं नाही, याचा आधार मी पुढे बरीच वर्षं घेतला.

आणि तेवढ्यात दारात मुरलीधर. हातात वांग्यांची पिशवी. त्याने माझं वाक्य ऐकलं होतं, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. पाहुण्यांनी विचारलं, "हे कोण?" मी सांगितलं, आमच्या प्रयोगशाळेतला मुरलीधर. "म्हणजे साइटचं काम हे बघतात का?"

मुरलीधरने पिशवी खाली ठेवली. हसला. "मी फोटो काढतो फक्त. बाकी सगळं सरांचं." आणि माझ्याकडे न पाहता तो आत स्वयंपाकघराकडे गेला. "वहिनी, वांगी कवळी आहेत, आजच भाजा," असं म्हणाल्याचं ऐकू आलं.

सल्लागार म्हणून त्यांनी मला घेतलं. माझं वय त्रेसष्ट, गुडघे दुखायचे, बागांमध्ये फिरणं मला जमणारं नव्हतंच. मी वर्षातून चार भाषणं करायची असं ठरलं. मुरलीधर जूनमध्ये पॅकिंग शेडला लागला.

पहिलंच भाषण धुळ्याला होतं, शेतकरी मेळाव्यात. पडद्यावर फोटो दाखवायला माणूस हवा म्हणून मी मुरलीधरलाच गाडीतून नेलं. तो आला, याचं मला आजही नवल वाटतं. शाल, नारळ झालं, मी बोलू लागलो, मागे भिंतीपाशी बसून तो एकेक फोटो पुढे सरकवत होता. तेवढ्यात साक्रीकडचे एक आबा उठले. पागोटं, हातात काठी, ऐंशीच्या घरातले.

"साहेब, तुमना आंगठा दखाडा ना जरा."

लोक हसले. मीही हसलो आणि कौतुकानेच विचारत असतील असं समजून हात वर केला.

"हाऊ आंगठा ते निब्बर गोरा शे," आबा म्हणाले. "बठ्ठा फोटोमा काया नखना आंगठा शे. तो कोना शे?"

प्रत्येक फोटोतला अंगठा काळ्या नखाचा, हे त्यांनी हेरलं होतं. आता सगळं सभागृह खदखदून हसत होतं. मी म्हटलं, "ते आमचे सहायक आहेत. फोटोला मदत करतात."

"मंग तो माणूस कोठे शे? त्याले पुढे बलावा ना."

मी मागे पाहिलं. मुरलीधर तिथेच होता. त्याने उजवा हात पँटच्या खिशात घातला होता आणि डाव्या हाताने तो पुढचा फोटो लावत होता. मी म्हटलं, "पुढे जाऊ या." आणि पुढे गेलो.

येताना पारोळा मागे पडला. मग मुरलीधरच म्हणाला, "त्या आबांची नजर पक्की आहे, सर. त्यांच्या बागेत करपा वाढणार नाही." तो खरंच हसत होता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. एरंडोल आलं, गेलं. मी समोरच्या ट्रकची पाटी वाचत राहिलो.

त्यानंतरही तो येत राहिला, पूर्वीइतका नाही, पण वांगी आणायचा. साइटवर नवे फोटो टाकायचा, आता शेडमध्ये आलेल्या घडांचे. प्रोफाइलवरचा 'वैयक्तिक' तसाच राहिला. बदलायला गेलो की वाटायचं, आता बदललं तर लोक विचारतील, इतकी वर्षं काय होतं? रात्री नाही, भर दुपारी, जेवून आडवं झालं की तो अंगठा दिसायचा. वर्तमानपत्र धरलेल्या माझ्या अंगठ्याशेजारी आणखी एक. कधी चहाच्या कपाच्या कडेवर. बायकोला मी म्हटलं की डोळे तपासून घ्यायला हवेत. तपासले. डोळे चांगले होते.

तेराव्याला मी सावद्याला गेलो. सुमनताईंनी बसायला खुर्ची दिली, स्वतः खाली बसल्या. मी म्हटलं, "त्या साइटबद्दल मला काही सांगायचंय." त्यांना वाटलं, मी बंद पडण्याची काळजी करतोय.

"चालू आहे ती, सर. पासवर्ड मात्र त्यांनी कुठे लिहून नाही ठेवला, डोक्यातच होता. आता त्यात नवीन काही घालता नाही येणार." मग म्हणाल्या, "तुमचं नाव आहे ना त्याच्यात. खाली."

मला ठाऊक नव्हतं. मी कधी पार खालपर्यंत गेलोच नव्हतो. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. सगळ्या फोटोंच्या शेवटी माझं नाव पूर्ण पदवीसह, आणि पुढे : 'यांच्या मार्गदर्शनाखाली.'

"तुमच्याकडे ते धुळ्याचे लोक आले होते ना, त्या दिवशी हे घरी आले आणि पहिलं तुमचं नाव लिहून राहिले," सुमनताई म्हणाल्या. "मी म्हटलं, कशाला? काम तुमचं, पायपीट तुमची. तर म्हणे, लिहावं लागेल. नाहीतर सर खोटे पडतील."

मला जे सांगायचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही. चहा घेतला. निघताना त्यांनी पिशवीत वांगी घालून दिली.

घरी आल्यावर प्रोफाइल उघडलं. तिसऱ्या लिंकचा प्रकार बदलून 'इतर' केला. चौकट आली. आता मराठी सहज उमटतं. लिहिलं, 'मुरलीधरचं केळीचं काम', आणि जतन केलं. मी घड्याळ पाहिलं होतं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही, कुणाच्या ते लक्षात आलेलं नाही. कुणीही विचारलं नाही, इतकी वर्षं काय होतं म्हणून.

मग साइटवर गेलो. माझ्या नावाच्याही खाली एक जागा आहे, वाचणाऱ्याने काही लिहायचं असेल तर. तिथे बागांमधल्या लोकांनी प्रश्न विचारलेत, मुरलीधरने प्रत्येकाला उत्तर दिलंय, शेवटचं जाण्याच्या आदल्या दिवशी. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच राहिलं : 'मुरलीधर, हे सगळं तुझं आहे. त्या दिवशी माझ्या घरी मी खोटं बोललो, धुळ्यालाही बोललो. मला माफ कर.' खाली माझं नाव, पदवी न लावता. आणि पाठवलं.

पडद्यावर उत्तर आलं. आपला मजकूर मिळाला आहे, साइटच्या मालकाने मंजूर केल्यानंतर तो इथे दिसेल.

मी रोज सकाळी अकरा वाजता जाऊन पाहतो.