खंडेनवमीचा मेसेज

आदगोंडा पाटलाचा यंत्रावर काडीचा भरवसा नव्हता, आणि पोट मात्र यंत्रावरच चालायचं. सांगलीच्या एका दूधसंघात तो सर्व्हर सांभाळायचा. रोजचा बॅकअप, म्हणजे सगळ्या माहितीची दुसरी प्रत, तो स्वतः समोर बसून काढायचा. त्याची पन्नाशी उलटल्यावर, साताऱ्याहून नोकरीला आलेल्या तरुण वल्लरीनं त्याला स्क्रिप्ट लिहायला शिकवलं. हुकूम ओळीनं एका फाइलीत लिहून ठेवायचे, दुपारी ते आपोआप चालतात आणि फोनवर मेसेज येतो. आपोआप होणाऱ्या कामात कुणाचा तरी डाव असतो, असं आदगोंडाचं मत. महिनाभर तो गुपचूप प्रत उघडून बघायचा. मेसेज कधी चुकेना, तेव्हा त्यानं बघणं सोडलं.

खंडेनवमीला सर्व्हर बंद करून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. स्क्रिप्ट होती टेबलावरच्या कॉम्प्युटरवर. त्याची पूजा अजून व्हायची होती, म्हणून तो चालूच होता. तेवढ्यात फोन वाजला. ‘बॅकअप झाला.’

आदगोंडानं वल्लरीकडं रोखून बघितलं. “चेष्टा करतीस व्हय गं? सर्व्हर तर बंद हाय.”

वल्लरीनं स्क्रिप्ट उघडली. “काका, शेवटची ओळ तुमचीच आहे. प्रत निघो न निघो, ती मेसेज पाठवतेच.”

“मग काल तरी निघालीवती का?”

“ते सर्व्हर चालू करून बघितल्यावरच कळेल.”

पूजेतल्या यंत्राला त्या दिवशी हात लावायचा नाही, हे दरवर्षी तोच सगळ्यांना दरडावून सांगायचा. त्यानं हार काढून बाजूला ठेवला आणि सर्व्हरचं बटण दाबलं.